सबीनाबाईंच्या शंभरीचा कागद

॥ येशू, मरिया, योसेफ ॥

किल्टरेन, गॉलवे परगणा
रविवार, ११ जानेवारी १९४२

चि. सेप्टा हिस डीलियाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं नाताळचं पार्सल पोचलं, पण तीन आठवड्यांनी. गाडीला कोळसा नाही म्हणून ती वाटेत दोन रात्री झोपली म्हणे. मनुका सगळ्या शाबूत होत्या, मोजून घेतल्या. इकडे सगळे बरे. ही आणीबाणी (युद्ध म्हटलं की आमचा घरधनी मलाकी रागावतो, आपण युद्धात नाही म्हणतो) आम्हाला फक्त चहाच्या डब्यातून कळते. माणशी आठवड्याला अर्धा औंस. सासूबाईंचा, मलाकीचा आणि माझा मिळून दीड. त्यातला एक सासूबाईच पितात. म्हाताऱ्या माणसाला काय बोलणार?

आता मुख्य बातमी. येत्या एक फेब्रुवारीला, संत ब्रिजिडच्या सणाच्या दिवशी, सासूबाईंना शंभर वर्षं पुरी होतात. फादर किलीननी स्वतः चर्चचं जुनं पुस्तक काढून पाहिलं. सबीना फाही, बाप्तिस्मा १ फेब्रुवारी १८४२, स्वच्छ अक्षरात. त्यांनी गावातर्फे तुझ्या कचेरीकडे अर्जही धाडला. शंभरीच्या माणसाला राष्ट्राध्यक्षांचं सहीचं पत्र येतं ना? परगण्याच्या या टोकाला ते अजून कुणाच्याच घरी आलेलं नाही. त्या दिवशी बँड येणार आहे, खास मिस्सा होणार आहे, आणि केक माझ्याकडे लागला आहे. मनुका त्यासाठीच मोजल्या. तेव्हा बाई, एवढी राष्ट्राध्यक्षांच्या कचेरीत बसतेस, तर तो अर्ज कुठे गाडला जाऊ देऊ नकोस.

एक मात्र कळत नाही. सासूबाईंना आनंद झालेला दिसत नाही. फादर सांगायला आले तेव्हा त्या कोंबड्यांना दाणे टाकायला उठून गेल्या. कोंबड्यांना नुकतेच टाकले होते. संध्याकाळच्या जपमाळेनंतर त्या एक जास्तीची नमो मरिया म्हणतात, 'लहानीसाठी' म्हणून. तुलाही माहीत आहे. त्यांचं एखादं मूल गेलं असेल असं आम्ही धरून चाललो, विचारलं कधी नाही. हल्ली त्या तीन म्हणतात.

तुझ्या पत्राच्या माथ्यावर येशू-मरिया-योसेफ लिहायचं तू सोडलंस हे माझ्या लक्षात आलं आहे. शाई एवढी महाग नाही. लोभ रेशनवर नाही, तेव्हा हात राखून पाठवू नये.

तुझी ताई,
डीलिया


डब्लिन
१९ जानेवारी १९४२

ती. ताईस,
सेप्टाचा सा. न. वि. वि.

येशू, मरिया, योसेफ. लिहिलं बघ. सरकारी कागदाच्या सवयीने राहून जातं.

तुमचा अर्ज आला आणि माझ्याच हाताने रजिस्टरात चढला. आवक क्रमांक एक्केचाळीस. आमच्याकडे काही गाडलं जात नाही, उलट सगळं टिकतं. ट्यूही साहेब टिकवतात. ते आमचे दप्तरप्रमुख, त्यांच्याबद्दल तुला मागे लिहिलं होतं. राष्ट्राध्यक्षांच्या दारातून आत येणाऱ्या प्रत्येक चिठोऱ्याला ते क्रमांक देतात. तुला वाटेल आम्ही इथे जगाच्या उलाढाली लिहीत असतो. तर ऐक, गेल्या बुधवारची नोंद: सकाळी एक राजदूत भेटून गेले. दुपारी केरीच्या एका बाईने सायकलच्या टायरसाठी राष्ट्राध्यक्षांना साकडं घातलं. तिसऱ्या प्रहरी बागेतलं हरिण आत शिरलं आणि कोबी खाऊन गेलं. तिन्हींना क्रमांक मिळाले. हरणालाही. कागदाची टंचाई म्हणून जुनी पाकिटं उसवून, उलटी करून पुन्हा चिकटवतो, तेही माझंच काम. माझ्या हाताला आता डिंकाचाच वास येतो. म्हणून तर लग्न जमत नाही. आणि जमलं तर नोकरी जाईल, कारण लग्न झालेली बाई सरकारला चालत नाही. तेव्हा तू त्या विधुर मास्तरांचं नाव पुन्हा काढू नकोस.

ट्यूही साहेबांना आम्ही हसतो, पण पाठीमागे. बावीस सालच्या यादवीत सरकारी दप्तरखाना जळाला तेव्हा ते नदीच्या या काठावर उभे होते. तरुणपणी तिथेच कारकून होते. शेकडो वर्षांच्या शिरगणत्या, मृत्युपत्रं, सगळ्याची राख शहरभर पडत होती. एक जळका तुकडा त्यांच्या टोपीवर पडला. त्यावर कुणाच्यातरी शेताच्या हद्दीची अर्धी ओळ होती. ती अर्धी ओळ त्यांना अजून पाठ आहे. तेव्हापासून ते रजिस्टरात खोटं काही चढू देत नाहीत आणि खरं काही काढू देत नाहीत.

म्हणून एक काम आहे. बाप्तिस्म्याचा उतारा मिळाला, तो ठीक आहे. पण साहेबांचा आणखी एक नियम आहे, त्यांचा स्वतःचा, सरकारी नव्हे. शंभरीच्या माणसाने आपल्याला आठवणारी सर्वांत जुनी गोष्ट आपल्या शब्दांत कळवायची. सासूबाई अठराशे बेचाळीसच्या, म्हणजे बटाट्याच्या दुष्काळातल्या सत्तेचाळीस साली पाच वर्षांच्या. फुकटच्या सुपाच्या कढया त्यांना आठवत असतील. चार ओळी लिहून घे आणि लगेच पाठव. तीस तारखेला पत्र सहीला जायचं आहे.

ठरल्या वेळेबाहेर गॅस जाळणाऱ्यांना पकडणारा तपासनीस आमच्या गल्लीत फिरतो आहे असं घरमालकीण आत्ताच सांगून गेली, तेव्हा चूल विझवते. माझ्या वाटणीची माया चुलीवर तापवावी लागत नाही, ती आयतीच गरम असू द्यावी.

तुझी,
सेप्टा


॥ येशू, मरिया, योसेफ ॥

किल्टरेन
शनिवार, २४ जानेवारी १९४२

चि. सेप्टास अनेक आशीर्वाद.

हे पत्र एकटी असताना वाच.

तुझा निरोप मी सासूबाईंना सांगितला. सर्वांत जुनी आठवण कोणती, सूप आठवतं का, म्हणून विचारलं. त्या म्हणाल्या, आपण जन्मात ते सूप चाखलेलं नाही. मी म्हटलं, पाच वर्षांच्या होतात, विसरला असाल. त्यावर माझ्या हातातली पेन्सिल काढून त्यांनी चुलीत टाकली. अख्खी पेन्सिल.

दुसऱ्या दिवशी जपमाळ झाल्यावर त्यांनी मलाकीला आणि मला बसवून घेतलं आणि सगळं सांगितलं. मी जसं ऐकलं तसं लिहिते.

अठराशे बेचाळीस साली जन्मली ती सबीना फाही वेगळी. ती त्यांची मोठी बहीण. सत्तेचाळीसच्या दुष्काळात तापाने गेली, पाच वर्षांची होऊन. पुढे पन्नास साली, संत पॅट्रिकच्या सणाच्या आदल्या दिवशी, सोळा मार्चला, या जन्मल्या आणि आईबापांनी गेलेल्या लेकीचंच नाव यांना दिलं. तेव्हा सगळे तसंच करत. म्हणजे सासूबाईंना आता मार्चात ब्याण्णव पुरी होतील.

एकोणीसशे बारा साली सासरे गेले, त्याच हिवाळ्यात गाय मेली. गावात पेन्शनचा अधिकारी चर्चचं पुस्तक चाळत आला होता. त्याला बेचाळीसचं नाव सापडलं. त्याने दारात येऊन सासूबाईंचा हात हातात घेतला आणि सत्तरी पूर्ण झाल्याबद्दल, म्हणजे पेन्शन लागू झाल्याबद्दल, अभिनंदन केलं. त्या बासष्टच्या होत्या. त्या खोटं बोलल्या नाहीत, नुसत्या गप्प बसल्या. पुढे एका फादरजवळ पापनिवेदन केलं. त्यांनी त्या पोरीसाठी रोज एक प्रार्थना करायला सांगितली. ती 'लहानी' म्हणजे ही. तीस वर्षं आम्ही त्या जपाला आमेन म्हणतो आहोत.

खरं म्हणजे कुणाला काही कळण्याची सोय नाही. चर्चचं छप्पर गळून अठ्ठेचाळीस ते बावन्नची पानं एकमेकांना चिकटली आहेत, सुरीनेही सुटत नाहीत. शिरगणती डब्लिनला जळालीच. मलाकीने त्यांना हेच सांगितलं. म्हणाला, पुरावा नाही, चौकशी नाही, अर्ध्या परगण्याने त्या काळी वयं वाढवली, आणि आता बँडवाल्यांना नाही म्हणायचं तर कोणत्या तोंडाने? पेन्शन बंद झालं तर? चर्चमध्ये लोक बोटं दाखवतील ते कुणाला? सासूबाई त्याचं सगळं ऐकून घेऊन म्हणाल्या:

"तेव्हा गरजेपोटी गप्प बसले, मलाकी. आता मानापोटी बसणार नाही. पोरीचं वय घेतलं, तेवढं पुरे. तिची शंभरी घेत नाही."

लाज वाटते, पण खरं सांगते. मलाही ते पत्र भिंतीवर हवं होतं. फ्रेमची जागासुद्धा पुसून ठेवली आहे.

त्यांनी माझ्याकडून लिहवून घेतलेला कागद सोबत आहे. तुझ्या हाती देते. चुलीत घालायचा की टेबलावर ठेवायचा ते तू ठरव. टेबलावर ठेवलास तर तुझ्या ताईच्या घरचं नाव त्या रजिस्टरात जन्मभर राहील, हे ध्यानात घे.

घाबरलेल्या माणसाला माया जरा जास्त लागते, तितकी पाठवावी.

डीलिया


(सोबतचा कागद)

किल्टरेन, २३ जानेवारी १९४२

राष्ट्राध्यक्ष साहेबांस सबीना क्लूनन, माहेरची फाही, हिचा नमस्कार.

आपण मला शंभर वर्षांबद्दल पत्र पाठविणार असे ऐकते. पाठवू नये. मी एक्याण्णव वर्षांची आहे. शंभर वर्षांची सबीना दुसरी, ती माझी बहीण. ती पाच वर्षांची असताना दुष्काळात गेली व तिचे नाव मला मिळाले. पेन्शनवाल्याने तिचे वयही मला दिले व मी ते ठेवून घेतले. त्याचे जे होईल ते माझे होवो. सून आणि मुलगा यांना ठाऊक नव्हते.

सर्वांत जुनी आठवण विचारलीत ती सांगते. आई भाकरी वाटताना एक तुकडा जास्त मोडायची आणि मग तो परत टोपलीत ठेवायची. तो कुणाचा, हे मला पुष्कळ उशिरा कळले.

आपल्या कामाचा खोळंबा केला त्याची क्षमा असावी. बाहेर युद्ध चालू आहे, आपल्याला दुसरी कामे असतील.

सबीना क्लूनन
(हस्ते सून डीलिया)


डब्लिन
२९ जानेवारी १९४२

ती. ताईस,
सेप्टाचा सा. न. वि. वि.

येशू, मरिया, योसेफ. या वेळी आठवणीने लिहिलं, कारण गरज होती.

सासूबाईंचा कागद मी दोन दिवस पिशवीत घेऊन फिरले. खरं सांगू? एका कोऱ्या कागदावर मी सुपाच्या कढईची आठवण टंकूनही पाहिली. वाफ, लाकडी पळी, थंडीने फुटलेली बोटं, सगळं घातलं. फार झकास जमली होती. सहीला गेली असती, परवा पत्र निघालं असतं आणि तुझी फ्रेम भरली असती. मग मी ती पाठच्या बाजूने वापरायला म्हणून पालथी केली, आणि वाटलं, हिलाही क्रमांक मिळणार. हजार वर्षं टिकणार. फाडली ग. आणि सासूबाईंचा कागद नेऊन ट्यूही साहेबांच्या टेबलावर ठेवला. घरच्या माणसांचा अर्ज आहे हेही सांगून टाकलं.

त्यांनी तो दोनदा वाचला. चष्मा काढून पुसला. भाकरीच्या तुकड्यापाशी पुन्हा थांबले असावेत. मग म्हणाले:

"मिस हेशन, या देशात कागदांनी माणसांना फसवलं आणि माणसांनी कागदांना. कागदाला आपणहून खरं सांगायला आलेलं हे पहिलंच माणूस मी पाहिलं."

मी विचारलं, पेन्शनखात्याला कळवावं लागेल का. त्यांनी पेन्सिल घेतली आणि हिशेब मांडला. बाई खऱ्या सत्तर वर्षांच्या झाल्या वीस सालच्या मार्चात. तेव्हापासूनचं पेन्शन हक्काचं, त्याला कुणी हात लावणार नाही. घोळ फक्त बारा ते वीस या आठ वर्षांचा. पण आपलं सरकार आलं बावीस साली. ती आठ वर्षं इंग्लंडच्या राजाच्या खजिन्यातून गेलेली आहेत. आता राजेसाहेब युद्धात गुंतलेले, अशा वेळी त्यांना आठवड्याच्या पाच शिलिंगांसाठी त्रास देणं शेजारधर्माला शोभणार नाही, असं ते अगदी गंभीर तोंडाने म्हणाले. मलाकीला हे वाचून दाखव. त्याला आजपर्यंत आपली आई एवढी देशभक्त आहे हे माहीत नसेल.

पत्र मात्र जाणार नाही. त्याला इलाज नाही. पण फाईल बंदही झाली नाही, ताई. आमच्याकडे अशी पद्धत आहे की जे काम आज होत नाही त्याच्या फाईलवर पुढची तारीख घालायची, आणि रजिस्टरात त्या तारखेच्या पानावर तिचा क्रमांक लिहायचा. तो दिवस उजाडला की फाईल आपोआप टेबलावर येते. बहुतेक तारखा पुढच्या आठवड्याच्या असतात, फार तर पुढच्या सहामाहीच्या. साहेबांनी एक्केचाळीस क्रमांकावर स्वतःच्या हाताने लिहिलं, 'पुन्हा सादर करणे, ९ मार्च १९५०.' सोळाला वाढदिवस, मग नऊ का, असं मी विचारलं. म्हणाले, गाड्यांचा भरवसा नाही, शांतता झाली तरी नाही. एवढ्या लांबचं रजिस्टर अजून छापलेलंच नाही, म्हणून त्यांनी एक वेगळं पान कापून शेवटी शिवलं. पन्नास सालाचं. त्यावर ती एकच ओळ आहे.

गावाला काय सांगायचं ते सासूबाईंनी ठरवायचं, असं ते म्हणाले. तो त्यांचा कागद.

धीर सोडू नये. माझ्याकडचा थोडा या पाकिटात घातला आहे, पाकीट उलटं केलेलं असलं तरी.

सेप्टा


॥ येशू, मरिया, योसेफ ॥

किल्टरेन
मंगळवार, ३ फेब्रुवारी १९४२

चि. सेप्टास अनेक, अनेक आशीर्वाद.

झालं एकदाचं. आणि कसं झालं ते ऐक.

रविवारी मिस्सेच्या आधी सासूबाई फादरना भेटल्या. काय बोलणं झालं कोण जाणे, पण फादर वेदीपुढे आले ते म्हणाले की आजची मिस्सा शंभरीची नसून सबीना फाही, वय पाच, हिच्या आत्म्यासाठी आहे. त्या काळात मेलेल्या पोरांना मिस्सा कुठली, नीट खड्डाही मिळाला नव्हता. लोक एकमेकांकडे बघायला लागले. मग सासूबाई बाकावरून उठल्या. काठी मलाकीकडे दिली, आणि माझ्या पत्रात लिहिलं तेच सगळं उभ्याने सांगितलं. मी मान वर केली नाही. मलाकीने केली. काठी बंदुकीसारखी धरून तो आईच्या शेजारी उभा राहिला, आणि ज्याला बोट दाखवायचंय त्याने दाखवावं अशा नजरेने सगळीकडे पाहत होता. त्या एका गोष्टीसाठी त्याचे सगळे गुन्हे मी माफ केले, चिखलाच्या बुटांसकट.

मग मागून फेस्टी मॅनियनचा आवाज आला. तो गावातला दुसरा म्हातारा, कागदावर त्र्याण्णवचा. म्हणाला, आता विषय निघालाच आहे तर त्यानेही पाच वर्षं पुढे ढकलली होती. मलाकीने शेजाऱ्याला राजाच्या खजिन्याचा हिशेब कुजबुजून सांगितला, तो बाकाबाकावरून मागे पोचला. फेस्टीने बोटांवर मोजलं. त्याच्या पाचांतली दोन आपल्याच सरकारात पडतात असं निघालं. तेव्हा तो म्हणाला की त्याला नीटसं आठवत नाही, आणि खाली बसला. सेप्टा, वेदीपुढे हसणं पाप आहे. फादरच आधी हसले.

बँडवाल्यांनी सायकली एवढ्या लांब हाणल्या होत्या, ते वाजवल्याशिवाय कसे जातील? वाजवलं. केक कापला, मनुका सर्वांना दोन-दोन आल्या. कालपर्यंत गावातल्या तीन म्हाताऱ्या आपण दिसतो तेवढ्या काही म्हाताऱ्या नाही असं सांगून गेल्या. एकीने तर विधुर मास्तरांची चौकशी केली. तू वेळीच जागी हो.

बोट कुणी दाखवलं नाही. दाखवलं असतं तरी, आता वाटतं, चाललं असतं.

तुझं पत्र वाचून दाखवलं तेव्हा सासूबाईंनी पन्नास सालाची तारीख मला तीनदा वाचायला लावली. मग मला म्हणाल्या, त्या साहेबाने खास पान शिवलं म्हणतेस, म्हणजे आता आठ वर्षं मरायची सोय राहिली नाही. सरकारचा कागद फुकट घालवायचा नाही म्हणे, टंचाई आहे. आणि चहा मागितला. मी पूर्ण चमचा घातला.

त्या शिवलेल्या पानासारखं मलाही तुझ्या मनात कुठेतरी टाचून ठेवावं.

डीलिया


डब्लिन
गुरुवार, ९ मार्च १९५०

ती. ताईस,
सेप्टाचा सा. न. वि. वि.

येशू, मरिया, योसेफ. ताई, आज सकाळी फाईल टेबलावर आली.

ट्यूही साहेब निवृत्त होऊन तीन वर्षं झाली. राष्ट्राध्यक्षही आता दुसरे. नव्या वर्षाचं रजिस्टर लावताना कुणीतरी ते शिवलेलं पान उसवून यात पुन्हा शिवलं होतं. कुणी ते विचारायला नको, टाक्यांवरून कळेल, शिवण तू शिकवलेली आहे. तरी मी मुद्दाम दप्तराकडे गेले नाही. साहेबांची पद्धत चालते की नाही ते बघायचं होतं. सव्वानऊला नव्या कारकुनाने फाईल आणून ठेवली आणि विचारलं की ही आणीबाणीतली फाईल चुकून वर आली का. मी म्हटलं, नाही, वेळेवर आली.

आत सगळं जसंच्या तसं आहे. पत्राचा मसुदा मीच टंकला. दुपारी सही झाली. साहेबांना फोनवर कळवलं, तर त्यांनी एवढंच विचारलं की बाई आहेत ना. म्हटलं, आहेत, आणि चहा अजून त्याच पितात.

सोळाला घरी राहा. कौतुकाचा तुकडा माझ्यासाठीही टोपलीत ठेवावा.

सेप्टा


॥ येशू, मरिया, योसेफ ॥

किल्टरेन
रविवार, १९ मार्च १९५०

चि. सेप्टास अनेक आशीर्वाद.

पत्र चौदालाच आलं. गाड्या सुधारल्या आहेत, हे ट्यूही साहेबांना सांग. सासूबाईंनी ते सोळापर्यंत उघडू दिलं नाही. अजून शंभर झालेली नाहीत म्हणाल्या, पुन्हा भानगड नको. दोन दिवस ते भांड्यांच्या फळीवर होतं आणि मलाकी दर तासाला त्याच्याशी उगाच बोलून जात होता.

सोळाच्या सकाळी मी वाचून दाखवलं. त्यांना आता दिसत नाही, पण सहीवरून त्यांनी बोट फिरवलं. मग फ्रेमबद्दल मी विचारलं, तर त्यांनी ते बाजूला ठेवलं आणि भलतंच विचारलं. त्यांचा तो पहिला कागद, लहानीबद्दलचा, तो अजून तिथे आहे का? मी सांगितलं, सेप्टाने लिहिलंय की फाईलमध्ये सगळं जसंच्या तसं आहे. चर्चचं पुस्तक लहानी जन्मली एवढंच सांगतं. ती होती, आणि मग नव्हती, हे कागदावर फक्त राष्ट्राध्यक्षांच्या दप्तरात आहे. तिथून ते जाणार नाही ना, एवढं त्यांनी मला पुन्हा विचारलं. मी तुझ्या वतीने शब्द दिला आहे, तेव्हा तिथे काही जळू देऊ नकोस.

रात्रीच्या जपमाळेत 'लहानीसाठी' न म्हणता त्यांनी पहिल्यांदा नाव घेतलं. आपलंच नाव घेतल्यासारखं वाटलं म्हणाल्या, आणि हसल्या.

राष्ट्राध्यक्षांचं पत्र भिंतीवर लावलं. पुसून ठेवलेल्या जागेवर आठ वर्षांत काजळी धरली होती, ती पुन्हा पुसली. केक झाला, या वेळी मनुका मोजल्या नाहीत. फेस्टी कागदावर एकशे एकचा आहे, पण त्याने अजून अर्ज केलेला नाही. म्हणतो, आणखी चार वर्षं थांबून बघतो.

आता झोपायला जाताना सासूबाईंनी तुला एक निरोप सांगितला आहे, तो लिहून पत्र बंद करते. त्या फाईलवर पुढची तारीख कोणती घातली आहे, ते विचारून कळवावं. म्हणजे त्याप्रमाणे त्यांना बेत करता येईल.

तुझी,
डीलियाताई